बुद्धिबळांतील योजना आणि नजर

दिंडोशीस डोंगराच्या पायथ्याशीं ज्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत त्यांपैकीं एकींत आमचें वास्तव्य आहे. पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाची हिरवी कड, पश्चिमेस द्रुतगति महामार्गाचा अखंड घोष, आणि जवळच जनरल अरुणकुमार वैद्य यांचें नांव धारण करणारा रस्ता, अशी या स्थळाची मांडणी आहे. सायंकाळीं वसाहतीच्या सभागृहांत बुद्धिबळाचा पट मांडला जातो, आणि त्याभोंवतीं खेळणारांपेक्षां बोलणारांचीच गर्दी अधिक जमते. गेल्या पावसाळ्यांत तेथें एका आजोबांचे व त्यांच्या नातवाचे दोन डाव झाले. त्या दोन डावांवरून जो वाद माजला तो अद्यापि मिटलेला नाहीं. वाद आमच्या सभागृहापुरताच असता तर त्यासाठीं वाचकांचा वेळ घेण्याचें आम्हांस कारण नव्हतें. परंतु या खेळाविषयीं जें जें बोललें व लिहिलें जातें त्यांतील बहुतेकांच्या मुळाशीं हाच वाद आहे असें आढळून आल्यावरून त्याचा परामर्श येथें घेण्याचें योजिलें आहे.

आजोबांचें वय ऐंशीच्या घरांतलें. त्यांचें बाळपण सांगलीकडे गेलें, आणि खेळ ते वडिलांपाशीं देशी पद्धतीनें शिकले. नातू अकरा वर्षांचा; त्याला शिकवणी आहे, आणि संगणकावर तो रोज तासभर डाव गिरवतो. पहिल्या डावांत आठ खेळ्यांपर्यंत नातवाचा हात कोठेंही अडला नाहीं. नवव्या खेळीस आजोबांनीं आपलें हत्तीपुढचें प्यादें एक घर सरकवलें. नातू थबकला, आणि शेवटीं म्हणाला, "आजोबा, असं कुणी खेळतं का? हें पुस्तकांत नाहीं." आजोबा म्हणाले, "पुस्तकांत नसेल बाळ. पण पटावर आहे ना? मग पटाकडे बघ." नातवानें पटाकडे बघण्याऐवजीं स्मरणाचेंच कपाट धुंडाळलें, आणि बाविसाव्या खेळीस तो हरला.

दुसऱ्या डावांत उलट प्रकार घडला. आजोबांनीं घोड्याचा बळी देऊन अशी सुंदर चढाई आरंभिली कीं भोंवतालचे लोक वाहवा करूं लागले. पण देशी खेळांत किल्लेकोट नाहीं, आणि जुन्या संवयीमुळें आजोबांचा राजा पटाच्या मध्यावरच उभा राहिला होता. नातवानें शिकविल्याप्रमाणें मधली वाट उघडली, दोन्ही हत्ती तीवर आणले, आणि आजोबांचा हल्ला पुरा होण्यास दोन खेळ्या उरल्या असतां मात केली.

झालें! सभागृहांत दोन पक्ष पडले. मुलाचे वडील व त्यांच्या बाजूचे लोक म्हणूं लागले कीं, डाव जिंकते ती योजना. राजा कोटांत न्यावा, मध्य हातीं धरावा, मग हल्ला करावा, हा क्रम ज्यानें पाळला तो जिंकला व ज्यानें मोडला तो हरला. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, योजना कोणीही पाठ करील; पटावर या क्षणीं काय आहे आणि समोरच्याच्या मनांत काय आहे हें ज्याला दिसतें तोच खरा खेळणारा. पहिल्या पक्षाजवळ दुसऱ्या डावाचा पुरावा होता, दुसऱ्या पक्षाजवळ पहिल्या डावाचा. वादांत दोघांनाही पुरावा मिळाला म्हणजे तो लवकर मिटत नाहीं, हा अनुभव सर्वांनाच आहे.

हा मतभेद आजकालचा नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यांत चतुरंगाचें वर्णन राजाच्या क्रीडांमध्यें आलें आहे. पुढें सतराव्या शतकांत, मूळच्या पैठणच्या व काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठ भट्ट यांनीं याच खेळाला 'नीतिमयूख' या राजनीतीवरील ग्रंथांत जागा दिली. एकानें त्याला करमणुकीच्या दालनांत बसविलें, दुसऱ्यानें राज्यकारभाराच्या. करमणूक म्हणून जो खेळ पाहावयाचा त्यांत आपण खेळणाराच्या चातुर्यास दाद देतों. नीतीचा धडा म्हणून जो पाहावयाचा त्यांत योजनेची शिस्त शोधतों. ग्रंथकारांना हा भेद अभिप्रेत होता असा आमचा दावा नाहीं. पण आमच्या सभागृहांतील दोन पक्ष याच दोन दालनांत बसून एकमेकांशीं भांडत आहेत असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आमच्या मतें या वादाचा निकाल तर्कापेक्षां अनुभवानें लागण्यासारखा आहे, आणि सुदैवानें तसा अनुभव या खेळाच्या इतिहासांतच सांपडतो. प्रश्न असा विचारावा: खेळाचे नियमच बदलले तर खेळणाराच्या हातीं काय उरतें? जें नियमांबरोबर गेलें ती योजना. जें उरलें तें त्याचें स्वतःचें. आपल्याकडे नियम खरोखरच बदलले. देशी खेळांत प्यादें सामान्यतः पहिल्या खेळीसही एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजीं ज्या राजाला एकदांही शह बसला नाहीं त्यास एकवार घोड्याची उडी घेतां येई. पलीकडच्या टोंकाला पोहोंचलेलें प्यादें ज्या मोहऱ्याच्या घरांत शिरलें, तोच मोहरा होई. वाटेल तेथें वजीर करण्याची सोय नव्हती. प्रतिपक्षाचीं सर्व सोंगटीं मारून त्याचा राजा एकटा उरविला तर तें यश न ठरतां 'बुर्जी' होई, म्हणजे डाव अर्धवट सुटे. प्याद्यानें केलेली मात ही 'प्यादेमात' म्हणून विशेष मानाची गणली जाई. 'जोराजोरी' नांवाच्या प्रकारांत तर ज्या सोंगट्यास दुसऱ्याचा जोर आहे तें मारतांच येत नसे. प्रांतोप्रांतीं यांत थोडाबहुत फरक असे. तथापि एवढें खास कीं, या नियमांवर उभारलेल्या प्रारंभीच्या योजना पाश्चात्य पटावर बहुतांशीं निरुपयोगी होत्या. प्यादें दोन घरें चालूं लागलें कीं डावाची गतीच बदलते. किल्लेकोट आला कीं राजाचें घर बदलतें.

मग या संक्रमणांत टिकलें काय? याचें एक जुनें उत्तर मुंबईंतच छापलेलें आहे. इ. स. १८१४ सालीं त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या मूळ संस्कृत 'विलासमणिमंजरी'चें इंग्रजी रूप येथें प्रसिद्ध झालें. तें युरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेलें असल्याचें पुस्तकाच्या नांवांतच नमूद आहे, आणि त्यांत मुख्य जागा डावांतील निकराच्या स्थितींना दिली आहे, हेंही त्या नांवावरूनच समजतें. शास्त्रीबोवा दोन पद्धतींच्या उंबरठ्यावर उभे होते. एका घरांतून दुसऱ्या घरांत जातांना माणूस काय उचलून नेतो यावरून त्याला काय मोलाचें वाटतें तें कळतें. त्यांनीं निकराच्या स्थिति उचलल्या. अमुक मोहरे अमुक घरीं आहेत, खेळी तुझी आहे, आतां वाट काढ, या आव्हानाला नियमांचा फेरबदल फारसा बाधत नाहीं. कारण तेथें आराखडा संपलेला असतो आणि डोळे कामाला लागलेले असतात.

याहून ठळक उदाहरण मीर सुलतानखान यांचें आहे. पंजाबांत वडिलांपाशीं देशी खेळ शिकलेला हा गृहस्थ सर उमर हयातखान यांच्या आश्रयानें विलायतेस गेला. पाश्चात्य नियमांशीं त्याचा परिचय अवघ्या कांहीं वर्षांचा होता, आणि छापील ज्ञान तर फारच अल्प होतें. तरीसुद्धां १९२९, १९३२ आणि १९३३ अशीं तीन वेळां त्यानें ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेंत पूर्वीचा जगज्जेता कापाब्लांका यास हरविलें. ज्याच्याजवळ प्रारंभीच्या योजनांची पुंजी जवळजवळ नव्हती, तो केवळ पाहण्याच्या सामर्थ्यावर एवढ्या उंचीस पोहोंचला. २०२४ सालीं जागतिक बुद्धिबळ संघटनेनें त्याला मरणोत्तर ग्रँडमास्टर ही पदवी दिली. महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर, सांगलीस १९४१ सालीं भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापिलें, आणि १९५५ सालीं एलुरू येथें भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचें अजिंक्यपद रामचंद्र सप्रे यांनीं डी. वेंकय्या यांच्याबरोबर वांटून घेतलें. देशी पटावर पोसलेल्या मुलखास नवे नियम आड आले नाहींत, एवढें यावरून म्हणतां येईल.

येथपर्यंत वाचून दुसऱ्या पक्षाचे लोक टाळ्या पिटतील. परंतु त्यांनीं जरा थांबावें. सुलतानखान यांचीच दुसरी बाजू अशी कीं, डावाच्या आरंभीं ते पुष्कळदां अडचणींत येत, आणि मग तासन् तास झगडून त्या अडचणींतून बाहेर पडत. जें दुसऱ्याला पुस्तकाच्या एका पानांत मिळे तें त्यांना प्रत्येक वेळीं स्वतःच्या कष्टानें नव्यानें शोधावें लागे. आमच्या आजोबांचेंही तेंच झालें. घोड्याचा बळी पाहण्याइतकी त्यांची नजर तीक्ष्ण होती, पण आपला राजा उघड्यावर आहे हें त्यांना दिसलें नाहीं; कारण ज्या खेळांत ती नजर घडली त्यांत तो धोका एवढा मोठा नव्हता. नजर कितीही तेज असली तरी ती सर्व दिशांना सारखी पाहत नाहीं. ती जेथें सरावली तेथेंच पाहते.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, या दोन गोष्टींना परस्परांच्या वैरी समजणें हीच मूळची चूक होय. योजना म्हणजे तरी काय? ती आकाशांतून पडलेली नाहीं. कोणीतरी एके काळीं पटाकडे पाहिलें, शंभर डावांत त्याला तीच गोष्ट दिसली, आणि त्यानें ती लिहून ठेविली. फिलिडोर यानें १७४९ सालीं आपल्या पुस्तकांत प्यादीं हा या खेळाचा प्राण आहे असें प्रतिपादिलें; त्यापूर्वीं प्यादीं पटावर नव्हतीं असें नाहीं, त्यांचें मोल तेवढ्या स्पष्टपणें कोणी पाहिलें नव्हतें. राजा कोटांत न्यावा हा नियमही मध्यावर मेलेल्या असंख्य राजांच्या अनुभवाचें सार आहे. अर्थात् योजना ही दुसऱ्यानें पाहून, सांठवून ठेविलेली नजर होय. ती उसनी घेतां येते व घ्यावीही. पण उसन्या धान्याचा भात आपल्यालाच शिजवावा लागतो. नातू पहिला डाव हरला तो योजना वाईट होती म्हणून हरला नाहीं. त्या योजनेंत पूर्वीच्यांनीं काय पाहिलें होतें तें त्यानें कधीं पाहिलेंच नव्हतें. त्यामुळें समोरून अनपेक्षित खेळी येतांच त्याच्या हातीं नुसता क्रम राहिला आणि अर्थ निघून गेला.

संगणकानें ही अडचण वाढविली आहे. १९९७ सालीं डीप ब्लू या यंत्रानें जगज्जेत्या कास्पारोव्ह यास सामन्यांत हरविलें, आणि त्यानंतर यंत्राचें बळ माणसाच्या पलीकडे गेलें. आज अकरा वर्षांच्या मुलास घरबसल्या जी खेळी उत्तम म्हणून दाखविली जाते ती बहुधा खरोखरच उत्तम असते. मात्र ती कां उत्तम हें यंत्र क्वचितच समजावून सांगतें. पाठांतराचें हें ओझें केवळ मुलांनाच जड होतें असेंही नाहीं. त्याच्याही आधीं, १९९६ सालीं, बॉबी फिशर या माजी जगज्जेत्यानें मागच्या ओळीचे मोहरे चिठ्ठ्या टाकून मांडण्याचा प्रकार सुचविला. त्यांत मांडणीचे ९६० प्रकार होतात, आणि पाठ केलेला आरंभ पहिल्याच खेळीस गळून पडतो. देशी नियमांतून पाश्चात्य नियमांत येणाऱ्या आपल्या जुन्या खेळाडूंवर जो प्रसंग इतिहासानें आणला, तोच फिशर यानें बुद्धिपुरस्सर निर्माण केला.

कोणी म्हणेल, हा खेळ युद्धाचें चित्र आहे, आणि युद्धांत योजनाच श्रेष्ठ. हें विधान सभागृहांत आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं त्याचा विचार केल्यावांचून राहवत नाहीं. पटावरच्या सैन्याला भूक लागत नाहीं, त्याला दाणागोटा पुरवावा लागत नाहीं, आणि शत्रूचा एकही शिपाई दृष्टीआड नसतो. पानिपतावर १७६१ सालीं उपासमारीनें मराठ्यांची जी दशा केली तिचें चित्र कोणत्याही पटावर उमटणार नाहीं. यासाठींच प्रशियाच्या सैन्यांत १८२४ पासून राइसविट्झ याचा जो युद्धखेळ रूढ झाला, त्यांत नकाशा, पंच आणि फांसे यांची योजना करून अनिश्चिततेला मुद्दाम जागा दिली होती. बुद्धिबळ युद्धाचें पूर्ण चित्र नाहीं, हें मान्य करूनच पुढें गेलें पाहिजे.

तथापि एका बाबतींत दोहोंचें साम्य आहे, आणि त्याचें उदाहरण आमच्या दाराजवळच्या रस्त्याच्या नांवांतच दडलेलें आहे. १९६५ च्या सप्टेंबरांत खेमकरण विभागांत असल उत्तर येथें जी रणगाड्यांची लढाई झाली तींत अरुणकुमार वैद्य हे डेक्कन हॉर्स या पलटणीचे प्रमुख होते. शत्रूचे पॅटन रणगाडे अधिक नवे व बलाढ्य, आपल्या पलटणीचे शर्मन जुने. आपल्या सैन्यानें घोड्याच्या नालाच्या आकाराची फळी उभारली, शेतांत पाणी सोडलें, आणि शत्रूला त्या खोबणींत येऊं दिलें. पॅटन चिखलांत रुतले, आणि उसांत दडलेल्या तोफांनीं त्यांना जवळून टिपलें. ही योजना उत्कृष्ट होती यांत शंका नाहीं. पण ती कोणत्याही पुस्तकांतून जशीच्या तशी उतरविलेली नव्हती. ती त्या शेतांकडे, त्या पाण्याकडे, आणि शत्रू कोणत्या वाटेनें येईल याकडे पाहून केलेली होती. आणि ती तडीस गेली ती शत्रू टप्प्यांत येईपर्यंत गोळी राखून धरणाऱ्या गोलंदाजांच्या धीरामुळें. तेथें योजना व नजर वेगळ्या काढूं गेल्यास हातीं कांहींच लागणार नाहीं.

या विवेचनास अगदीं अलीकडचा एक दाखला जोडतों. जुलै २०२५ मध्यें जॉर्जियांतील बातुमी येथें महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. एका बाजूस नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख, दुसऱ्या बाजूस तिच्याहून दुप्पट वयाच्या व फार मोठ्या अनुभवाच्या कोनेरू हंपी. दोघींजवळ योजनांची तयारी भरपूर असणार. तयारीचे जे दोन दीर्घ डाव झाले ते बरोबरींत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत, आणि त्यांतही दुसऱ्या डावाच्या अखेरीस, जेव्हां घड्याळांत फार थोडा वेळ उरला होता. तेथें हंपी यांच्या हातून चूक झाली व दिव्यानें ती साधली. त्या विजयानें ती ग्रँडमास्टर झाली. सभागृहांतील वडीलमंडळींनीं हा डाव आपापल्या मुलांना शिकवणीच्या यशाचें उदाहरण म्हणून सांगितला. शिकवणीचा त्यांत वांटा आहेच. तिच्यावांचून दिव्या त्या शेवटच्या डावापर्यंत पोहोंचली नसती. परंतु त्या शेवटच्या मिनिटांत पाठ केलेलें एकही पान कामास येणारें नव्हतें, हेंही मुलांस सांगितलें पाहिजे.

आणि येथेंच आमच्या मतें या वादांतील खरी काळजीची गोष्ट आहे. मुलाच्या शिकवणीवर पैसा खर्च होतो, स्पर्धांमागून स्पर्धा होतात, आणि घरीं परतल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो 'जिंकलास कीं हरलास?' हा. दुसरा प्रश्न, विचारलाच तर, 'शिकवल्याप्रमाणें खेळलास ना?' हा असतो. 'समोरच्याच्या मनांत काय होतें, तें तुला केव्हां कळलें?' असें विचारणारा बाप आम्हांस अद्यापि भेटावयाचा आहे. ज्या मुलाला हा प्रश्न कधींच विचारला जात नाहीं, तें मूल प्रतिपक्ष्याच्या प्रत्येक नव्या खेळीस अन्याय समजूं लागतें. आमचा तो अकरा वर्षांचा मित्र हरला तेव्हां रडला नाहीं. पण "आजोबा चुकीचं खेळले" असें मात्र त्यानें दोनतीनदां म्हटलें. हें वाक्य आम्हांस त्याच्या रडण्यापेक्षां अधिक खटकलें.

यावर उपाय म्हणून आजोबांनीं एक युक्ति काढली आहे, आणि ती आम्ही इतर घरांसही सुचवितों. आठवड्यांतून एक दिवस दोघे देशी नियमांनीं खेळतात. त्या पटावर नातवाचें पाठांतर चालत नाहीं आणि आजोबांचें किल्लेकोटाचें अज्ञान नडत नाहीं. मोबदल्यांत उरलेल्या दिवशीं नातू आजोबांना राजा वेळेवर कोटांत कसा न्यावा हें शिकवितो. वृद्ध गृहस्थ वही घेऊन बसतात, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

मागच्या रविवारीं नातवानें देशी डावांत मोठा पराक्रम केला. आजोबांचें एकेक सोंगटें मारीत मारीत शेवटचें प्यादेंही त्यानें उचललें, आणि आनंदानें सभागृहाकडे पाहिलें. आजोबा शांतपणें म्हणाले, "बुर्जी झाली. डाव सुटला." नातवाला तो नियम सांगितलेला होता, पण हाताच्या घाईंत त्याचा विसर पडला होता. तो बराच वेळ रिकाम्या पटाकडे पाहत बसला. मग त्यानें सोंगटीं पुन्हां मांडलीं, आणि त्या संध्याकाळच्या दुसऱ्या डावांत, जिंकण्याच्या ऐन भरांत, आजोबांचें एक प्यादें मारण्याजोगें असतांही तसेंच ठेवून त्यानें मात केली. त्या खेळीपूर्वीं तो पटाकडे किती वेळ पाहत होता तें आम्हीं मोजलें नाहीं. पण पुस्तकाचें नांव मात्र त्यानें एकदांही काढलें नाहीं.